सातवी तार

माझ्या कानात एक बारीक सूर आहे. तो कधी थांबत नाही. क्षयाच्या दवाखान्यात रोज सकाळी जी इंजेक्शनं घेतली, त्यांची ही मागे राहिलेली खूण, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीला मी फार घाबरले होते. आता तो घरातल्या घड्याळासारखा झाला आहे. लक्ष दिलं तरच ऐकू येतो.

हे लिहायला मला गोदाक्कांनी सांगितलं. त्या जव्हारकडच्या, दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होत्या. निघताना म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. लिहून ठेव. पुढे येणाऱ्या बायांना कुणी तरी वाचून दाखवेल." म्हणून लिहिते आहे. औषधांविषयी मी सांगणार नाही, ते डॉक्टर सांगतील. ज्या गोष्टीवर औषध नव्हतं तिच्याविषयी सांगायचं आहे. मी बरी होऊन घरी आले, वजन वाढलं, ताप गेला, तरी मला कशाची इच्छाच होत नव्हती. गिटार वाजवायची तर नाहीच. ती इच्छा परत कशी आली हे मला अजून नीट उमगलेलं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

भोक पाडलेली होडी

आमचं घर तारापूरला, कोळीवाड्याच्या तोंडाशी. माझे वडील, अण्णा, गावचे पोस्टमास्तर. आई आम्ही लहान असतानाच गेली. मी आणि धाकटा भाऊ श्याम शेजारच्या हिरामावशीच्या ओट्यावर वाढलो. हिरामावशी बोंबील सुकवायची, विकायची. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. त्याला सगळे तांडेलच म्हणत, आम्ही तांडेलकाका.

मी चिंचणीच्या शाळेत शिकवू लागले आणि श्यामला वीजकेंद्राच्या बांधकामावर नकाशे काढायची नोकरी लागली. त्या वर्षांत आमच्या किनाऱ्यावर रोज काही तरी नवीन येत होतं. क्रेन येत होत्या, दूरदूरची माणसं येत होती. तिथेच कुणाकडे तरी श्यामने गिटार ऐकली आणि मुंबईहून एक जुनी गिटार घेऊन आला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात स्टीलची कांडी, ती तारांवरून सरकवायची.

तांडेलकाकांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारली. मग तिच्या पोटावरच्या गोल छिद्रात डोकावून म्हणाले, "चांगली होडी व्हती. भोक कशाला पाडलंस?"

"ही पाण्यात नाही चालत, काका. हवेत चालते."

"हवेत पण बुडंल."

कांडी श्यामने कामावरच्या एका फिटरकडून लेथवर करून घेतली होती. बोटभर लांब, गुळगुळीत, टोकं गोल केलेली. तो मला शिकवायचा तेव्हा सगळ्यात आधी ती माझ्या मुठीत द्यायचा. "थंड कांडी तारेवर टेकवायची नाही, ताई. आधी हातात धर. ऊब लागली की ती आपली होते." हे खरं की त्याची समजूत, मला माहीत नाही. मी मात्र तसंच करत आले.

त्याने स्वतः एक लहानशी धून बसवली होती. ओहोटीला पाणी खडकांमधून मागे जातं, तशी ती मागे मागे जायची. त्यातली अर्धी त्याने मला शिकवली. "उरलेली पुढच्या वेळी," म्हणाला.

पालघरचा दिवस

दिवाळीनंतर खोकला आला तो गेला नाही. संध्याकाळी शाळेतून परतताना कानशिलं गरम व्हायची. श्याम मला पालघरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी छातीची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली. खिडकीबाहेर आंब्याचं झाड होतं. माझ्या बरगड्यांच्या आत आंब्याची पानं हलताना मला दिसली. आजही तो दिवस आठवला की डॉक्टर काय म्हणाले ते आधी आठवत नाही, ती पानं आठवतात. किती सुंदर दिसत होतं ते! वरच्या बाजूला डावीकडे एक ढग होता, तेवढाच वाईट.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "आता यावर औषध आहे. पण वेळ द्यावा लागेल. बरेच महिने."

श्यामने विचारलं, "ताई गिटार वाजवते. चालेल ना?"

"ती फुंकून वाजवायची असते का?"

"नाही. मांडीवर."

"मग चालेल. पण आत्ता नाही. आत्ता फक्त झोपायचं."

पालघर स्टेशनवर श्यामने एक चहा घेतला आणि आधी माझ्या हातात दिला. मी दोन घोट घेतले. उरलेला प्यायला त्याने हात पुढे केला, तेव्हा मी तो रुळांवर ओतून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर रागावला. "चहा होता ताई, विष नव्हतं," म्हणाला. बोईसरहून पाम गावच्या शेतांवरून एस.टी. गेली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. मीही दुसरीकडे बघत होते. कापलेल्या भाताच्या खुंटांवर बगळे उभे होते.

घरी आल्यावर मी माझं ताट, वाटी, पेला वेगळ्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अण्णांनी त्याच फळीवर, हातभर अंतर सोडून, स्वतःचं ताटही ठेवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, "वरची फळी हलते आहे." ती हलत नव्हती.

खाट

दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी होता. लांब व्हरांडा, एका रांगेत खाटा. आमच्या समुद्राचा आवाज तिथे नव्हता. पहिले काही दिवस मला त्या शांततेनेच झोप येईना.

दिवस असा जायचा: पहाटे तापमापक, मग इंजेक्शन, मग दूध आणि उकडलेलं अंडं. दुपारी दोन तास पूर्ण विश्रांती. त्या वेळात वाचायलाही बंदी. परिचारिका म्हणायची, "डोळ्यांनाही झोपू दे." मी छताच्या वाशांकडे बघत पडायचे. मनात गिटारच्या सहा तारा वाशांवर आडव्या बांधायचे आणि श्यामची अर्धी धून वाजवायचे. असं पडल्या पडल्या मी रोज वाजवत होते, आणि खरं सांगते, तेव्हा माझ्याकडून एकही चूक होत नसे.

गोदाक्का वयाने मोठ्या, जिभेने तिखट. नवीन बाई आली की म्हणायच्या, "इथे नाव कुणी विचारत नाही. वजन किती नि ताप किती, एवढं पाठ कर." मासे खायचे सुटले म्हणून त्या रडवेल्या व्हायच्या. श्याम दर पंधरवड्याला यायचा, तेव्हा हिरामावशीने दिलेले सुके बोंबील पिशवीत लपवून आणायचा. गोदाक्का आधी त्याची पिशवी बघायच्या, मग त्याचं तोंड.

फाल्गुनात तो शेवटचा आला. व्हरांड्यात संध्याकाळचं ऊन होतं. त्याचे डोळे मला पिवळे दिसले. मला वाटलं, उन्हाचा रंग आहे. "थकल्यासारखा दिसतोस," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "काम फार आहे." मग त्याने माझ्या उशाशी बसून, माझ्याच मनगटाच्या शिरांवर बोट सरकवत, धुनेचा पुढचा एक तुकडा दाखवला. मला तो नीट लागला नाही. ऊन उतरलं. त्याची गाडी चुकली असती.

निळी पत्रं

त्यानंतर तो आला नाही, पत्रं आली. निळी अंतर्देशीय पत्रं, अक्षर अण्णांचं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं: "ताई, कामावर बोट चेंगरलं, म्हणून मी सांगतो आणि अण्णा लिहितात. सुटीही मिळत नाही. तू काळजी करू नकोस."

यात मला नवल वाटलं नाही. अण्णांचा निम्मा जन्म दुसऱ्यांची पत्रं लिहिण्यात गेला होता. कोळीवाड्यातले मुलगे बोटींवर खलाशी म्हणून जात, त्यांच्या आया पोस्टाच्या खिडकीपाशी उभ्या राहून बोलत आणि अण्णा लिहीत. ते पत्र त्या बाईच्याच तोंडचं वाटे. हिरामावशी म्हणायची, "मास्तर माझ्यापेक्षा चांगला रडतो कागदावर."

पुढच्या पत्रात होतं: "उरलेल्या बोटांनी रोज थोडा सराव करतो. काल सातवी तार तुटली. नवीन आणायला हवी."

गिटारला सहा तारा असतात. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग हसले. श्याम माझी परीक्षा घेतो आहे, असं मला वाटलं. आजारी माणूस आपल्याला सोयीचं तेच वाचतो.

वैशाखात हिरामावशी आली. एवढ्या लांब ती कधी आली नव्हती. टोपली बाजूला ठेवून खाटेच्या कडेला बसली आणि माझे हात दाबत राहिली. गावाकडची बातमी विचारली तर भराभर सांगू लागली, कोंबडीने किती पिल्लं काढली, म्हावरं किती कमी आलं.

"यंदा धंदाच नाय बाय. त्यात चैत्रात दोन दिस आमी होडी लोटली नाय, मग तर..."

ती थांबली. पदर तोंडावर धरला.

आमच्या वाड्यात एकच रीत आहे. वाड्यातलं कुणी गेलं की त्या दिवशी होड्या समुद्रावर जात नाहीत. अगदी जवळचं माणूस असलं तर दोन दिवस. त्यात कोळी आणि इतर असा भेद नव्हता. आई गेली तेव्हाही किनाऱ्यावर सगळ्या होड्या उभ्या होत्या, हे मला आठवतं. लहान होते, मला वाटलं होतं सण आहे.

मी विचारलं, "कुणासाठी?"

तिने पदर आणखी घट्ट धरला.

"मावशी, अण्णा बरे आहेत?"

"मास्तर बरा हाय."

मग कोण ते विचारायचं उरलं नाही. कानातला सूर तेवढा वाढत गेला. इतका, की मावशी रडत होती ते मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. नंतर तिने सांगितलं: कावीळ. आठ दिवस. डॉक्टरांनी अण्णांना बजावलं होतं, मुलीला कळता कामा नये, धक्का बसला तर सगळे महिने वाया जातील. "मास्तरानं मला शपथ घातली व्हती गो. माझ्या जिभेला आग लागो."

ती गेल्यावर जेवणाचं ताट आलं. मी तोंड फिरवलं. गोदाक्का आपल्या खाटेवरून उठल्या. उठायची त्यांना परवानगी नव्हती. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आधी जेव. रडायला ताकद लागते." त्यांनी भात कालवून दिला. मी जेवले. या गोष्टीची मला पुढे फार लाज वाटली. आता वाटत नाही.

अण्णांना मी काही कळवलं नाही. ते माझ्यासाठी जे ओझं वाहत होते ते त्यांच्या हातून काढून घेतलं असतं तर ते कशाला धरून उभे राहिले असते? पत्रं येत राहिली. मीही श्यामला उत्तरं लिहीत राहिले. एका पत्रात लिहिलं, "सातवी तार जपून ठेव. मी आले की आपण लावू." ते वाचून अण्णांना काय कळलं, काय नाही, त्यांच्या पुढच्या पत्रात त्याचा माग नव्हता. फक्त "श्याम"ने त्यानंतर गिटारचा उल्लेख कधी केला नाही.

घरी

भाद्रपदात मला सोडलं. अण्णा न्यायला आले. स्टेशनवर ते माझ्याकडे बघत म्हणाले, "सुमे, श्याम..." मी म्हटलं, "माहीत आहे, अण्णा." त्यांनी मान हलवली आणि माझी पिशवी घेतली. एवढंच.

आजारात माणसाला एक काम असतं, बरं व्हायचं. घरी आल्यावर ते काम संपलं. मी ओट्यावर बसून राहायचे. पुस्तक उघडायचे आणि एकाच पानावर दुपार जायची. शाळेतून निरोप आला की सवडीने या. ती सवड संपतच नव्हती. भेटायला येणारे म्हणत, मन रमव, गिटार वाजव. जणू मन म्हणजे रडणारं मूल. भिंतीवर गिटारची खुंटी रिकामी होती. गिटार कुठे आहे हे मी अण्णांना विचारलं नाही, आणि न विचारण्यात मला एक सुटका वाटत होती. जी वस्तू दिसत नाही ती वाजवावी लागत नाही.

दुसरी भीतीही होती, ती कुणाला सांगितली नव्हती. कानात हा सूर सतत असताना तार जुळली की नाही हे मला कळेल का? आणि कळलं तरी, कुणासाठी जुळवायची?

अण्णा रोज पोस्टातून येत, कोट काढून खुंटीला लावत, आणि कोटाच्या खिशातून काही तरी काढून सदऱ्याच्या खिशात घालत. मी पाहत होते, पण विचारत नव्हते. आमच्या घरात तेव्हा कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं.

तेल

एक दिवस हिरामावशीच्या अंगणात गेले. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार तारेने बांधलं होतं. अंगावर बारीक वेढे असलेली, गंजलेली तार. मी जवळ जाऊन पाहिलं. गिटारची जाड तार होती, सगळ्यात खालच्या सुराची.

"मावशी, ही तार कुठली?"

"ती? तांडेलानं बांधली. मजबूत हाय. मुंगूस आला तरी तुटत नाय."

तांडेलकाका आतून आले. म्हणाले, "तुझीच हाय. पावसात घराला बुरशी आली, तुझ्या वाजपावर पांढरं चढलं. मास्तर तर तिच्याकडं बघत पण नव्हता. बोललो, लाकूड मरंल. म्हणून आणली." आणि अभिमानाने आत बोलावलं.

गिटार त्यांच्या माळ्यावर, जाळ्यांच्या शेजारी ठेवली होती. काळीभोर. चकचकीत. आणि तिच्या अंगाला वास येत होता माशाच्या तेलाचा.

श्रावणात, नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या आधी, त्यांच्या लाकडाला माशाचं तेल पाजतात. दोन हात, कधी तीन. तांडेलकाकांनी आपल्या होडीला पाजलं आणि त्याच भांड्यातून, त्याच फडक्याने, गिटारलाही पाजलं होतं. बाहेरून. आणि छिद्रातून हात घालून आतूनही.

"तीन हात दिले," ते म्हणाले. "आता समुद्रात टाकली तरी काय व्हनार नाय."

मला जे झालं ते अजून आठवतं. पायापासून वर काही तरी चढत आलं. मी ओरडले. मी, जी वर्गातही आवाज चढवत नाही, कोळीवाड्याच्या मध्यभागी ओरडले. "ही होडी नाही! ही श्यामची गिटार आहे! तिला तेल लावतात का? तिच्या तारा कोंबड्यांना बांधतात का? मला विचारायचं तरी! माझी आहे ती, माझी!"

कोंबड्या पळाल्या. शेजारच्या बाया दारात आल्या. तांडेलकाका फडकं हातात धरून उभे राहिले, एखाद्या चूक झालेल्या विद्यार्थ्यासारखे. हिरामावशीने कंबरेवर हात ठेवला, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, तेल पाजलंस गिटारीला, पण बोलायला लागली ही पोरगी."

सगळ्या बाया हसल्या. मग मीही हसले. हसता हसता खोकला आला, मग रडू आलं, आणि शेवटी मी खाली अंगणातच बसले. ती तेलकट गिटार मांडीवर, आडवी. ती तशी मांडीवर कधी घेतली, मला कळलंच नाही.

वाचणाऱ्याला एवढंच सांगते. इच्छेची वाट बघत मी महिने घालवले. मला वाटायचं ती एखाद्या सकाळी, छान उन्हात, शांत पावलांनी येईल. ती आली रागाच्या रूपाने, कोंबड्यांमधून. तुमची कशी येईल मला माहीत नाही. पण कुणी तुमच्या वस्तूला हात लावला आणि तुम्हाला राग आला, तर त्या रागाला हाकलू नका.

कोंडा

तेल काढायला तीन आठवडे लागले. तांदळाचा कोंडा आणायचा, अंगभर पसरायचा, सावलीत ठेवायचं, झटकायचं, पुन्हा नवा कोंडा. आतल्या बाजूला पोचायला मी काठीला फडकं बांधलं. तांडेलकाका रोज येऊन दुरून बघत. एकदा हळूच म्हणाले, "जरा राहू दे अंगात. अगदीच उपाशी नको ठेवूस."

हे काम मला आवडू लागलं. कोंडा झटकताना बोटांना लाकडाची सवय परत होत गेली. पोटावर टिचकी मारली की पूर्वी खणखणीत आवाज यायचा, आता ओल्या मडक्यासारखा यायचा. तिचंही फुप्फुस माझ्यासारखं झालं होतं. एकदा टिचकी मारून मी छिद्राला कान लावून बसले होते, तर मागे अण्णा उभे. ते वळून आत गेले. पण त्या रविवारी सकाळीच कोट घालून निघाले. "मुंबईला जातो. काम आहे," म्हणाले. रविवारी पोस्टाचं कसलं काम?

ते दिवेलागणीला परतले. ओट्यावर बसले, बूट काढले, पाणी प्यायले. मग एक कागदी पुडकं माझ्यापुढे सरकवलं. उघडलं. तारांची गुंडाळलेली वेटोळी होती. मी मोजली. सात.

"अण्णा, सहा लागतात."

"दुकानदारही तेच म्हणाला. सहाचाच संच असतो म्हणाला. हसला मला." ते बोटांनी धोतराचा काठ सारखा करत राहिले. "मी म्हटलं, सात द्या. आमची सातवी तुटली आहे. मुलीला लिहून कळवलं आहे."

मी सातवं वेटोळं बाजूला काढलं.

"मी कधी मोजल्याच नव्हत्या, सुमे," ते म्हणाले. "घरात इतकी वर्षं तो वाजवत होता. मी पेपर वाचायचो. पत्र लिहिताना पहिल्यांदा वाटलं, किती तारा असतील? गिटार समोरच होती. मान वर करून बघायचं धाडस झालं नाही. सात लिहिल्या. मग तुझं उत्तर आलं, जपून ठेव म्हणून. तेव्हा कळलं, की तुला कळलं."

"मग तुम्ही पुढे लिहीत का राहिलात?"

"तू उत्तरं देत होतीस."

बाहेर भरती लागली होती. हिरामावशीच्या अंगणातून सुक्या बोंबलांचा वास येत होता आणि माझ्या मांडीवरच्या लाकडाचाही थोडासा तोच. मी तारा चढवायला बसले. एक, दोन, तीन. खुंट्या कुरकुरत होत्या. कानातला सूर आणि तारेचा सूर एकमेकांत मिसळतील अशी मला भीती होती. तसं झालं नाही. तो वर एकटा, उंच राहिला, आणि तार त्याच्या खाली आपली जागा शोधत आली. तिची जागा मला बरोबर ऐकू आली. सहाही जुळल्या. सातवी पुडक्यात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

नख्या चढवल्या आणि थांबले. कांडी नव्हती. श्यामच्या ट्रंकेत, कपाटात, कुठेच नव्हती, हे मी कोंडा झटकण्याच्या दिवसांत बघून ठेवलं होतं. तांडेलकाकांनी जाळ्याला बांधली असेल, असंही मनात येऊन गेलं.

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. बराच वेळ हात आतच होता. मग मूठ बाहेर आली आणि माझ्या तळहातावर उघडली.

कांडी गरम होती. चैत्रापासून ती त्यांच्या अंगाची ऊब घेत होती. मला ती मुठीत धरून ठेवावी लागलीच नाही.

मी ती तारांवर टेकवली आणि श्यामची धून सुरू केली. आवाज जड होता, पाण्याखालून आल्यासारखा. बोटं कच्ची पडली होती, कांडी दोनदा जागा चुकली. छताच्या वाशांवर मी जशी बिनचूक वाजवायचे तशी ती नव्हती. पण ही ऐकू येत होती. जिथपर्यंत त्याने शिकवलं होतं तिथपर्यंत गेले आणि थांबले. पुढचं मला येत नाही. मनगटावर त्याने जे दाखवलं ते मला लागलं नव्हतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. अण्णांनी पेपर उचलला नव्हता. ते तारांकडे बघत होते, ओठ हलत होते. मोजत असावेत.

कुंपणापलीकडून तांडेलकाकांचा आवाज आला. ते बायकोला सांगत होते, पण मला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने.

"बघ. मी बोललो व्हतो. तेल पाजलं म्हनून बुडाली नाय."